‘तो’ कुणाच्याही जागी येत नाही

यंत्राला भाषा कळू लागली आहे हे पटवून देताना हल्ली एक प्रयोग हमखास केला जातो. चार-पाच वाक्यांचा उतारा घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक ‘तो’, ‘ती’, ‘त्यांनी’च्या जागी यंत्राकडून नाव घालून घ्यायचं आणि नावं बरोबर बसली की उतारा यंत्राला समजला असं जाहीर करायचं. दस्तऐवजांतून उत्तरं शोधून देणाऱ्या प्रणाल्या उभारताना तर ही नेहमीची पूर्वतयारी झाली आहे. मजकुराचे तुकडे पाडून साठवण्याआधी त्यातली सर्वनामं काढायची, तिथे नावं भरायची, म्हणजे प्रत्येक तुकडा एकटा वाचला तरी कळतो म्हणे. कामचलाऊ युक्ती म्हणून तिच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते तिला सिद्धान्ताचा दर्जा देण्याशी. सर्वनाम म्हणजे नावाचं आखूड रूप, त्याचा अर्थ लावणं म्हणजे ते नाव हुडकणं, आणि अर्थविज्ञानातल्या तर्कनिष्ठ मंडळींना पन्नास वर्षांत जे हुडकता आलं नाही ते यंत्राने हुडकून दाखवलं, अशी ही मांडणी आहे. यातलं शेवटचं विधान सर्वांत चुकीचं, कारण त्या मंडळींनी हुडकाहुडकीचं काम अंगावर घेतलंच नव्हतं. त्यांनी दाखवून दिलं ते निराळंच: ‘तो’ हा शब्द मुळात कुणाच्याही जागी आलेला नसतो.

‘नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम’ ही व्याख्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकली आहे. ती पाणिनीची नव्हे. पाणिनीने सर्व, विश्व, तद्, यद्, एतद् अशा शब्दांचा एक गण बांधला आणि त्यांची रूपं इतर नामांहून वेगळी कशी चालतात ते सांगितलं. ते कशाच्या बदल्यात येतात याची उठाठेव केली नाही. बदलीची कल्पना ग्रीकांची. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणातून ती लॅटिनमध्ये गेली, तिथून इंग्रजी शाळांत, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून मराठी व्याकरणं लिहिली जाऊ लागली तेव्हा आपल्याकडे रुजली. ती किती तकलादू आहे हे बघायला तर्कशास्त्र लागत नाही. ‘प्रत्येक शेतकऱ्याला वाटतं की आपल्यावर अन्याय होतो’ यात ‘आपल्यावर’च्या जागी ‘प्रत्येक शेतकऱ्यावर’ घालून बघा. वाक्य शाबूत राहतं, अर्थ निसटतो: आधी जो तो स्वतःपुरती तक्रार करत होता, आता जो तो सगळ्यांच्या वतीने करतो आहे. ‘एकाही मंत्र्याने आपली चूक कबूल केली नाही’ यात बदली केली तर मंत्री एकमेकांच्या चुका लपवू लागतात. आणि ‘गणपत आला, बसला, चहा प्यायला नि निघून गेला’ या वाक्यात पहिल्या क्रियापदानंतर बदलायला शब्दच नाही, तरी कोण बसलं आणि कोण चहा प्यायलं याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. जी भाषा सर्वनाम सर्रास गाळते त्या भाषेच्या पाठ्यपुस्तकात ही व्याख्या इतकी वर्षं सुखाने नांदावी, हे जरा गंमतीचंच आहे.

तर्कशास्त्राने बदलीची कल्पना लवकर टाकून दिली. फ्रेगे ते टार्स्की या तर्कशास्त्रज्ञांनी ते काम केलं. आपल्या कामापुरतं त्यातलं सार इतकंच की, ‘आपल्यावर’ हा शब्द बीजगणितातल्या ‘क्ष’सारखा वागतो आणि ‘प्रत्येक’ हा शब्द त्या ‘क्ष’ला बांधून ठेवतो. रसेलने १९०५ साली ‘एक माणूस’ या पदालाही याच रांगेत बसवलं. ते कुणाचा निर्देश करत नाही. ‘असा कोणीतरी आहे की’ एवढंच सांगतं. क्वाइनने १९४८ साली या सगळ्याचा शेवट एका टोल्यात केला. जगाशी गाठ घालून देण्याचं खरं काम सर्वनामं करतात, तेव्हा नामांनाच सर्वनामांचे बदली कामगार म्हणायला हवं, अशा आशयाचं तो म्हणाला. विनोद म्हणून हे वाक्य खपून गेलं. पुढे बघू की त्यात विनोदापेक्षा जास्त काही होतं. विशेषनामांचा वाद यादरम्यान वेगळ्याच वाटेने चालला होता. फ्रेगे, रसेल, स्ट्रॉसन आणि मग १९७० साली प्रिन्स्टनमध्ये दिलेल्या तीन व्याख्यानांत क्रिपके, सगळे एकाच प्रश्नावर झगडत होते: नाव आपल्या धन्यापर्यंत कसं पोहोचतं? वर्णनातून, की नामकरणापासून चालत आलेल्या परंपरेच्या साखळीतून? सर्वनामवाले आणि नामवाले एकमेकांच्या अंगणात फारसे डोकावत नव्हते, आणि दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत होती. सर्वनाम एक तर एखाद्या ठरावीक व्यक्तीकडे बोट दाखवतं, नाही तर वाक्यातल्याच एखाद्या ‘प्रत्येक’ने वा ‘एकाही’ने बांधलेलं असतं. तिसरी शक्यता नाही.

ही विभागणी मोडली ती एका गाढवाने. पीटर गीचने १९६२ साली मध्ययुगीन तर्कपंडितांच्या जुन्या पोतडीतून हे उदाहरण बाहेर काढलं. मराठीत ते असं: ‘एखाद्या शेतकऱ्याकडे एखादं गाढव असलं, तर तो त्याला बडवतो.’ इथे ‘तो’ म्हणजे कुणी ठरावीक शेतकरी नव्हे, ‘त्याला’ म्हणजे ठरावीक गाढव नव्हे. मग ही दोन्ही सर्वनामं बांधलेली असली पाहिजेत. पण बांधणार कोण? रसेलच्या हिशेबाने ‘एखादं गाढव’ म्हणजे ‘असं एक गाढव आहे की’, आणि या ‘आहे’ची हद्द ‘तर’च्या अलीकडे संपते. ‘त्याला’ पलीकडे उभं आहे. हद्द ओढून अख्ख्या वाक्यावर पसरवली तर वाक्याचा अर्थ भलताच होतो: एक शेतकरी आणि एक गाढव असं आहे की ते त्याच्याकडे असलं तर तो बडवतो. हे खरं ठरायला जगात कुठे तरी एक शेतकरी आणि त्याच्या मालकीचं नसलेलं एक गाढव असलं की पुरे, कारण अट पुरी होत नसल्याने वाक्य आपोआप खरं ठरतं. आपल्याला जो अर्थ कळतो तो वेगळा आहे. कुठलाही शेतकरी घ्या, त्याचं कुठलंही गाढव घ्या, मार ठरलेला. म्हणजे ‘एखादं’चं भाषांतर इथे ‘प्रत्येक’ असं करावं लागतं. पण हेच पद ‘एका शेतकऱ्याकडे एक गाढव आहे. तो त्याला बडवतो’ इथे आलं की ‘प्रत्येक’चा मागमूस नसतो. एकच शब्द ‘तर’च्या सावलीत एक बोलतो आणि उघड्यावर दुसरं. वैयाकरणाने याला दोन वेगळे शब्द म्हणून वेळ मारून नेली असती. तर्कशास्त्रज्ञाला ती सोय नव्हती.

तोडगा यंत्राच्या दिशेनेच आला, हे आजच्या उत्साही मंडळींना सहसा ठाऊक नसतं. १९६९ साली स्वीडनमध्ये भरलेल्या संगणकीय भाषाविज्ञानाच्या परिषदेत लाउरी कार्टुनेनने एक निबंध वाचला. त्याने प्रश्न असा टाकला होता: मजकूर वाचून त्यातली माहिती साठवणारं यंत्र बनवायचं असेल, तर त्या यंत्राला ‘एक’ असं पद भेटल्यावर काय करायला हवं? नाव शोधायला हवं, असं त्याने म्हटलं नाही. त्याचं म्हणणं होतं की यंत्राने एक खातं उघडायला हवं, आणि पुढचं सर्वनाम त्या खात्यात नोंद करेल. त्याची पारिभाषिक संज्ञा निराळी आहे. मी इथे ‘खातं’च म्हणेन. त्याच्या निबंधाचा मोठा भाग खात्यांच्या आयुष्याबद्दल आहे. ‘गणपतकडे गाडी आहे’ या वाक्याने खातं उघडतं. ‘गणपतकडे गाडी नाही’ने उघडत नाही, त्यानंतर ‘ती काळी आहे’ म्हणता येत नाही. आणि काही खाती अल्पायुषी असतात. ‘अर्ज करायला हवा. तो मराठीत असावा’ हे चालतं, कारण दुसरं वाक्यही ‘हवा’च्या छत्राखालीच आहे. ‘अर्ज करायला हवा. तो टेबलावर आहे’ हे खटकतं. छत्राबाहेर पाऊल टाकलं आणि खातं बंद झालं. आता इथे बदलीचा प्रयोग करा. ‘अर्ज मराठीत असावा’, ‘अर्ज टेबलावर आहे’: दोन्ही वाक्यं निर्दोष. सर्वनामाने जो दोष उघडा पाडला होता तो नामाने झाकून टाकला. सर्वनामं काढून मजकूर ‘स्वच्छ’ करणारे नेमका हा पुरावा कचऱ्यात टाकत असतात.

आता ज्या वळणाबद्दल मला खरोखर बोलायचं आहे तिथे येऊ. हान्स काम्पचा निबंध १९८१ साली आला, इरेने हाइमचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला प्रबंध १९८२ साली. दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले. पाठ्यपुस्तकं आणि व्याख्यानं या घटनेला सर्वनामांच्या अर्थाचा नवा सिद्धान्त म्हणतात. ‘गाढव-सर्वनाम’ हे नावच रूढ झालं आहे, जणू गाढवाच्या वाक्यात सर्वनाम काही विशेष करत होतं. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं. काम्प ही खाती ज्या चौकटींत मांडतो त्यांत डोकावून बघितलं तर सर्वनाम काय करतं? आधीच्या एखाद्या खात्याशी ‘हे तेच’ अशी बरोबरीची खूण मांडतं आणि थांबतं. क्वाइनचं सर्वनाम याहून फार वेगळं काही करत नव्हतं. सर्वनामाला हातही लावलेला नाही. बदलला तो ‘एक’. काम्प आणि हाइम यांनी रसेलने त्या शब्दाला दिलेलं ‘आहे’ काढून घेतलं. ‘एक शेतकरी’ म्हणताना आपण कुणाच्या अस्तित्वाची ग्वाही देत नाही, सगळ्यांबद्दलही बोलत नाही. एक कोरं खातं उघडतो आणि त्यावर ‘शेतकरी’ असं लिहितो, एवढंच. मग अस्तित्व कुठून येतं? संपूर्ण बोलणं खरं केव्हा मानायचं, या नियमातून: उघडलेल्या सगळ्या खात्यांना जगातल्या वस्तू अशा जोडता आल्या पाहिजेत की सगळ्या नोंदी खऱ्या ठरतील. आणि गाढवाच्या वाक्यात ‘प्रत्येक’ कुठून आला? ‘तर’मधून. ‘तर’चा नियम असा की, अलीकडची खाती ज्या ज्या रीतीने जगाशी जुळतील त्या प्रत्येक रीतीने पलीकडच्या नोंदीही जुळल्या पाहिजेत. डेव्हिड लुइसने १९७५ साली ‘नेहमी’, ‘कधीकधी’ अशा शब्दांबद्दल जे सुचवलं होतं त्याची ही पुढची पायरी होती, आणि हाइमने ते ऋण मोकळेपणाने मानलं आहे.

हा बारकावा महत्त्वाचा का, तर त्यामुळे सिद्धान्ताची जबाबदारी कुठवर आहे ते ठरतं. चार खाती उघडी असतील तर ‘तो’ त्यातल्या कुठल्या खात्यावर जाणार, हे काम्पचा सिद्धान्त सांगत नाही. सांगायचा आवही आणत नाही. ती निवड लिंग, वचन, जगाची माहिती, बोलणाऱ्याचा रोख यांवर सोडलेली आहे. सिद्धान्त सांगतो ते एवढंच की या क्षणी कोणती खाती उघडी आहेत, कोणती ‘नाही’च्या भिंतीआड बंद झाली, कोणती ‘तर’च्या आत आहेत आणि ‘तर’ संपल्यावर हाताशी उरणार नाहीत. ‘कुणाच्या गोठ्यात गाढव असलं तर तो त्याला बडवतो. ते पांढरं आहे’ यातलं दुसरं वाक्य का कोसळतं, याचं उत्तर निवडीच्या शास्त्रात नाही. निवडायला एकच उमेदवार होता आणि तोही गैरहजर. ज्यांना वाटतं की अर्थविज्ञानाने निवडीचा प्रश्न घेतला, सोडवता आला नाही, आणि सांख्यिकीने तो सोडवला, ते दुसऱ्याच परीक्षेची उत्तरपत्रिका तपासत आहेत. याच वळणाचं दुसरंही एक चुकीचं वाचन आहे: काम्पच्या चौकटी म्हणजे डोक्यातली चित्रं, म्हणजे अर्थ शेवटी मनात असतो. काम्पला मनाबद्दल आस्था होती हे खरं. पण ख्रुनेनडाइक आणि स्टोकहॉफ यांनी १९९१ साली दाखवलं की चौकटी वगळूनही हेच निकाल मिळतात. ‘आणि’चा अर्थ जरा ताणला, पहिल्या वाक्याने उघडलेलं दुसऱ्यापर्यंत पोहोचू दिलं, की झालं. खाती कुणा एकाच्या डोक्यातली नव्हेत, ती बोलण्याच्या मालकीची आहेत, असं मी म्हणेन.

याला सर्वांत तोलामोलाचा विरोध बदलीच्याच सुधारलेल्या आवृत्तीतून येतो. गॅरेथ एव्हान्सने १९७७पासून असं मांडलं की काही सर्वनामं म्हणजे वेष पालटलेली वर्णनं असतात. ‘त्याला’ म्हणजे ‘त्या शेतकऱ्याकडे असलेल्या गाढवाला’. नाव नको, वर्णन भरा. पॉल एल्बर्नने २००५ साली याला अधिक रेखीव रूप दिलं: सर्वनाम म्हणजे नाम गळालेलं निश्चित पद. मग माझा सगळा खटाटोप फुकट ठरतो का? बार्बरा पार्टीचं एक उदाहरण बघू. ‘दहा गोट्या सांडल्या. एक सोडून सगळ्या सापडल्या. ती सोफ्याखाली असेल.’ आता दुसरं: ‘दहा गोट्या सांडल्या. नऊच सापडल्या. ती सोफ्याखाली असेल.’ दुसऱ्यात ‘ती’ अडखळते. जगाची स्थिती दोन्हीकडे तंतोतंत तीच आहे. ‘न सापडलेली गोटी’ हे वर्णन दोन्हीकडे तितकंच उपलब्ध आहे. फरक इतकाच की पहिल्यात ‘एक’ने खातं उघडलं आणि दुसऱ्यात ते गणिताने काढता येत असूनही कुणी उघडलं नाही. वर्णनवादी यावर म्हणतात की वर्णनाला आधी उच्चारलेल्या नामाचा आधार लागतो. ठीक; पण ‘गोट्या’ हे नाम दोन्हीकडे उच्चारलेलं आहे. आता एक वारकरी घेऊ, कारण या वादातल्या नेहमीच्या उदाहरणातल्या बिशपांपेक्षा तो हे काम चोख करतो: ‘एखादा वारकरी दुसऱ्या वारकऱ्याला भेटला की तो त्याच्या पाया पडतो.’ इथे ‘तो’ म्हणजे कुठल्या वर्णनाचा वारकरी? ‘दुसऱ्या वारकऱ्याला भेटलेला’ हे वर्णन दोघांनाही लागू आहे, कारण भेट दोन्ही बाजूंनी होते. वर्णनाने दोघांत फरक करता येत नाही. दोन वेगळ्या खात्यांनी सहज करता येतो. एल्बर्नकडे यालाही उत्तर आहे. घटनेतल्या दोन सहभागींना वाक्याची रचना असमान वागवते, असं तो मानतो. ते उत्तर हुशारीचं आहे, पण ती असमानता शोधून काढायला गेलं की हाती पुन्हा खात्यांसारखंच काहीतरी लागतं.

काम्पवाल्यांच्या बाजूलाही खड्डे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. शंभर शेतकरी घ्या. नव्याण्णव जणांकडे एकेक गाढव आहे आणि ते त्याला मायेने वागवतात. एकाकडे दोनशे आहेत आणि तो सगळ्यांना बडवतो. ‘ज्या शेतकऱ्यांकडे गाढव आहे त्यातले बहुतेक त्याला बडवतात’ हे वाक्य कुणीही खोटं म्हणेल. पण शेतकरी-गाढव अशा जोड्या मोजणारा मूळ नियम २९९पैकी २०० जोड्यांत मार सापडल्यामुळे ते खरं ठरवतो. तसंच ‘ज्याच्या खिशात दहाचं नाणं होतं त्याने ते पेटीत टाकलं’ याचा अर्थ प्रत्येकाने खिसा रिकामा केला असा होत नाही, आणि नियमाने तसाच व्हायला हवा. या दोन्ही अडचणींवर बरीच डागडुजी झाली आहे. मात्र लक्षात घ्यायचं ते हे की मार बसला तो ‘बहुतेक’ आणि ‘ज्याने-त्याने’ यांच्या मोजणीच्या नियमाला. ‘एक’ने खातं उघडतं आणि सर्वनाम त्यावर नोंद करतं, या म्हणण्याला त्यातून धक्का पोहोचत नाही.

आता विशेषनामं. ‘गणपत आला नाही. तो शेतावर गेलाय’ हे बरोबर. ‘एकही पाहुणा आला नाही. तो शेतावर गेलाय’ हे बरोबर नाही. नावाने उघडलेलं खातं ‘नाही’च्या भिंतीत अडकत नाही. म्हणून काम्पने नियम केला की नावाचं खातं नेहमी सर्वांत बाहेरच्या चौकटीत उघडायचं, आणि १९९३ साली रायलेबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातही तो कायम ठेवला. नाव परंपरेच्या साखळीतून थेट धन्यापर्यंत पोहोचतं हे क्रिपकेचं म्हणणंच इथे चौकटीच्या भाषेत सांगितलंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला नाही वाटत. खातं कुठे उघडलं हा एक प्रश्न, आणि त्या खात्याला जगात धनी आहे का हा दुसरा. युरेनसच्या कक्षेतल्या गडबडीवरून ल व्हेरिएने एका ग्रहाचं भाकीत केलं आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेवरून त्यानेच १८५९ साली आणखी एका ग्रहाचं भाकीत केलं. त्याचं नाव व्हल्कन पडलं, आणि तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइनने बुधाचं वागणं त्याच्याविना समजावून दिलं. मधली सुमारे साठ वर्षं खगोलशास्त्रज्ञ व्हल्कनबद्दल ‘तो’ म्हणून बोलत होते, त्याच्या कक्षेबद्दल वाद घालत होते, आणि त्यांची सर्वनामं नेपच्यूनबद्दलच्या सर्वनामांइतकीच सुरळीत चालत होती. खाती दोन्ही उघडी होती. धनी एकाच खात्याला होता.

याहून पुढची गोष्ट बार्ट गर्ट्सने १९९७ साली निदर्शनास आणली: नावाचं खातं नेहमी बाहेरच असतं असंही नाही. आपल्याकडच्या बारशाचं उदाहरण घेऊ. ‘मुलगी झाली आणि तिचं नाव मुक्ता ठेवलं, तर मुक्ताची आत्या रुसेल, तिने दुसरं नाव ठरवलंय.’ मुलगी अजून झालेली नाही. ‘मुक्ताची’ हे नाव कुणाकडे बोट दाखवत नाही, ते ‘तर’च्या आत उघडलेल्या खात्यावर नोंद करतं, आणि तिथे ‘तिची’ म्हटलं असतं तरी काम तेच झालं असतं. गर्ट्स ज्या पायावर उभा होता तो पाया रोब फान डर झांटने १९९२ साली घातला होता: एखादं पद जे गृहीत धरतं ते सर्वनामासारखंच मागे जाऊन खातं शोधतं, आणि नाहीच सापडलं तर स्वतः उघडतं. या दृष्टीने विशेषनाम म्हणजे जरा अंगावर मजकूर असलेलं सर्वनाम. क्रिपकेवादी म्हणतील की बारशाचं वाक्य अपवादात्मक आहे, त्यात नाव वापरलेलं नसून नावाबद्दल बोललेलं आहे. पहिल्या ‘मुक्ता’बद्दल ते खरं आहे. दुसरी ‘मुक्ता’ मात्र रीतसर वापरलेली आहे. आत्या एका मुलीची असते, शब्दाची नव्हे. क्वाइनने १९४८ साली जे म्हटलं होतं ते इथे शब्दशः घडताना दिसतं: नामच सर्वनामाची बदली करतंय.

निवडीच्या प्रश्नाला कमी लेखायचं कारण नाही, पण त्याच्या आकड्यांकडे जरा थंडपणे बघायला हवं. टेरी विनोग्राडने १९७२ साली दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती, की कारण त्यांचा हिंसाचाराला पाठिंबा होता. क्रियापद बदललं की ‘त्यांचा’ रोख बदलतो. हेक्टर लेव्हेकने गेल्या दशकाच्या सुरुवातीला अशा जोड्यांची परीक्षा सुचवली आणि २०१९च्या सुमारास भाषा-प्रारूपं तिच्यात ९० टक्क्यांच्या घरात पोहोचली. त्यावर बराच गाजावाजा झाला. पण या परीक्षेतल्या वाक्यांमध्ये दोन्ही खाती कायम उघडी असतात. परीक्षेची रचनाच तशी आहे. त्यामुळे खाती केव्हा बंद होतात हे यंत्राला कळतं की नाही, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. शिवाय टक्केवारीचं म्हणाल तर जेरी हॉब्जने १९७८ साली तीन मजकुरांतल्या ३०० सर्वनामांवर एक निव्वळ वाक्यरचना चाळणारी कृती चालवून पाहिली, तिला स्वतःच भाबडी म्हटलं, आणि ती ८८.३ टक्के वेळा बरोबर आली. अर्थाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. सामान्य मजकुरात अंदाजाने बरंच साधतं, हाच त्याचा निष्कर्ष. नाव भरणं म्हणजे समजणं या समीकरणाला आणखी एक सुरुंग अरविंद जोशींच्या कामातून लागला. पुण्यात जन्मलेले आणि पेनसिल्व्हेनियात आयुष्य घालवलेले जोशी, बार्बरा ग्रोस आणि स्कॉट वाइनस्टाइन यांनी १९८३पासून असं मांडलं की बोलण्यात प्रत्येक क्षणी एक खातं मध्यभागी असतं आणि त्याच्यासाठी सर्वनाम हीच स्वाभाविक नोंद असते. पुढे १९९३ साली गॉर्डन, ग्रोस आणि गिलिओम यांनी वाचनाचा वेळ मोजला, तेव्हा मध्यभागी असलेल्याचं नाव पुन्हा लिहिलेलं वाक्य वाचकाला सर्वनामाच्या वाक्यापेक्षा सावकाश वाचावं लागतं असं दिसलं. सर्वनाम जर नावाचं आखूड रूप असतं, तर पूर्ण रूप वाचायला सोपं जायला हवं होतं. उलट वाचक थबकतो: आता हा दुसराच कुणी गणपत आला की काय?

‘हे सगळं खरं असलं तरी व्यवहारात काय बिघडतं?’ असा आक्षेप उरतो. बिघडतं ते असं. नियमावलीत लिहिलेलं असतं: ‘अर्जदार अपात्र ठरला तर त्याला कारण कळवण्यात येईल. त्याला तीस दिवसांत दाद मागता येईल.’ तुकडे पाडून सर्वनामं काढली की दुसरं वाक्य ‘अर्जदाराला तीस दिवसांत दाद मागता येईल’ असं साठवलं जातं. मूळ नियमात दुसरं वाक्यही ‘तर’च्या छत्राखालीच होतं; त्यातला ‘त्याला’ ‘तर’च्या आतल्या खात्याशी बांधलेला होता आणि म्हणून अटही सोबत घेऊन आला होता. ‘अर्जदाराला’ हा शब्द अट दाराबाहेर ठेवून आला. आता पात्र ठरलेला अर्जदारही दाद मागू शकतो, आणि यंत्र ते आत्मविश्वासाने सांगेल. नाव अचूक भरलं होतं. चाचणीत पूर्ण गुण मिळाले असते. मोठ्या भाषा-प्रारूपांना हे अजिबात कळत नाही असा माझा दावा नाही. त्यांच्या पोटात खात्यांसारखं काही चालत असेलही. माझं म्हणणं एवढंच आहे की नावं भरून घेण्याच्या चाचणीने ते कधीच दिसणार नाही. ते पाहायचं तर गोट्यांची दोन वाक्यं द्यावी लागतील, अर्जाची दोन वाक्यं द्यावी लागतील, आणि ‘ती कोण’ असं न विचारता ‘इथे ती म्हणता येतं का’ असं विचारावं लागेल.

आणि मग गीचने १९६७ साली मांडलेलं कोडं आहेच, ज्यावर माणसांचंही एकमत झालेलं नाही. आपल्या मुलखात आणलं तर ते असं होईल: ‘गणपतला वाटतं की एका चेटकिणीने आपली म्हैस आटवली, आणि सखारामला वाटतं की तिनेच आपली विहीर नासवली.’ चेटकीण नाही. गणपत आणि सखाराम यांची कधी भेटही झालेली नसेल. तरी हे वाक्य खरं असू शकतं. ‘तिनेच’च्या जागी नाव भरता येत नाही, कारण ते कुणाचंच नाही. वर्णन भरता येत नाही, कारण सखारामला गणपतच्या म्हशीबद्दल काहीच माहीत नसेल. आणि खात्यांचा सिद्धान्तही इथे घाम गाळतो. खातं उघडलं ते गणपतच्या समजुतीच्या आत, आणि काम्पच्या नियमाने ते तिथेच बंद व्हायला हवं; सखारामच्या समजुतीतून त्यावर नोंद व्हायला नको, पण ती होते. खाती बोलण्याच्या मालकीची आहेत असं मी वर म्हटलं, त्याला हे उदाहरण एका बाजूने दुजोरा देतं, कारण दोघांनाही चेटकीण मिळाली ती गावातल्या कुजबुजीतून. दुसऱ्या बाजूने ते अडचणीत टाकतं. वाक्य बोलणारा तिसराच कुणी आहे, त्याचा चेटकिणींवर विश्वास नाही, आणि आपल्या हिशेबात तिचं खातं न उघडता तो दोन परक्या हिशेबांतली खाती एकमेकांना जोडून देतो. हे जोडण्याचा अधिकार त्याला कुठून मिळतो, याचं सर्वमान्य उत्तर काम्पच्या चौकटींतून अजून निघालेलं नाही.